सोळा जणी, दोन होड्या, एक गाइड: बँकॉकच्या एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

बँकॉक सिटी टूर हा आपल्या सहल व्यवसायातला इतका मळलेला रस्ता आहे की त्यावर लिहिण्यासारखं काही उरलं असेल असं सहसा कुणाला वाटत नाही. राजवाडा, झोपलेला बुद्ध, कालव्यातून पाऊण तास बोट, दागिन्यांच्या शोरूमचा थांबा, संध्याकाळी हॉटेल. सगळ्यांच्या पत्रकात हेच, फक्त फोटो वेगळे. इथे नोंदवलेला दिवसही त्याच साच्यातून निघाला होता. त्यात एक फेरफार केला. दुपारच्या उरल्यासुरल्या वेळात टाकलेली बोट दिवसाच्या मधोमध आणली आणि तिला पाऊण तासाऐवजी दोन तासांहून जास्त वेळ दिला. त्यातून काय साधलं आणि काय बिघडलं, ते पुढे आहे.

गट कोण होता

जानेवारी २०२४, वार मंगळवार. सांगलीच्या एका भिशीतल्या सोळा निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठावन्न ते चौऱ्याहत्तर. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढली आणि भिशीच्या शिलकीचं काय करायचं हा कोरोनापासून रेंगाळलेला वाद एका बैठकीत मिटला. पाच जणींचे गुडघे दुखणारे, एकीची बायपास झालेली, एकीला ऐकण्याचं यंत्र. नऊ जणी पक्क्या शाकाहारी, त्यात दोघींना मंगळवारचा उपवास. पंधरा जणी साडीत, एक पंजाबी ड्रेसमध्ये.

सोबत सहल व्यवस्थापक म्हणून मी आणि पन्नाशीतली एक थाई गाइड. थायलंडमध्ये गाइडचं काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे. परवान्याचं कार्ड गळ्यात असल्याशिवाय राजवाड्यात उभं राहून माहिती सांगता येत नाही. मराठी व्यवस्थापकाला तिथे फार तर कानात सांगावं लागतं. हे आधी लिहितो, कारण दिवसातली खरी अडचण इथूनच सुरू होते: बोलणारी व्यक्ती एकच.

बाईंना बाई म्हणायचं, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. विमानतळावर मी एकदा ‘मॅडम’ म्हटलं, तेव्हा भिशीच्या अध्यक्ष बाईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. मग त्यांच्या विषयावरून ओळखू लागलो: भूगोलाच्या बाई, मराठीच्या बाई, पीटीच्या बाई. गाइडला सगळ्या जणी ‘ताई’ म्हणत आणि ती आनंदाने ओ देत असे.

हातात आलेलं वेळापत्रक

तिथल्या स्थानिक एजंटाकडून आलेला आराखडा असा होता: सकाळी राजवाडा, लगेच वाट फो (‘वाट’ म्हणजे थाई भाषेत बौद्ध मंदिर, झोपलेला बुद्ध इथलाच), लगेच नदी ओलांडून वाट अरुण, मग जेवण, दोनला शोरूम, साडेतीनला पाऊण तास बोट. कागदावर सुटसुटीत. प्रत्यक्षात तीनही मोठी ठिकाणं सकाळी ओळीने, म्हणजे सलग चार-साडेचार तास उन्हात, संगमरवरी फरशीवर, चपला काढत-घालत. बँकॉकचा जानेवारी हा त्यांचा ‘थंडीचा’ महिना आहे खरा, पण अकरानंतरचं ऊन सांगलीच्या मार्चसारखं लागतं. गुडघेवाल्या पाच जणींपैकी निदान तिघी वाट फोच्या दारातच बसून राहिल्या असत्या.

आणि बोट? तोवर सगळ्या जणी पेंगुळलेल्या असतात. कालव्यातल्या बोटीत अनेक मराठी गट मान टाकून झोपलेले मी पाहिले आहेत. तो वेळ शोरूम आणि हॉटेल यांच्यामधल्या फटीत कोंबलेला असतो, त्यामुळे बोटवालाही नदीवरून एक फेरी मारून, कालव्यात जेमतेम तोंड घालून परत आणतो.

मी दोन गोष्टी मागितल्या. शोरूम काढा आणि बोट अकरा वाजता लावा. शोरूम काढल्यावर एजंटाचं कमिशन गेलं, म्हणून माणशी तीनशे बाट वाढले. दोन तास बोट म्हणून भाडंही वाढलं. अध्यक्ष बाईंसमोर हिशेब ठेवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “एवढ्या पैशात फ्लोटिंग मार्केट येतंय का?” नाही म्हणालो. त्यावर त्या गप्प बसल्या. ती गप्प बसणी संपूर्ण दिवस सोबत होती, तिच्याकडे पुढे येतो.

अकराच का, याची कारणं सरळ आहेत. राजवाडा साडेआठला उघडतो, तेव्हा तो आधी उरकणं शहाणपणाचं, कारण दहानंतर तिथे माणसांची भिंत असते. उन्हाचा जोर अकरा ते दीडमध्ये. त्या वेळात बसायला जागा, डोक्यावर छप्पर आणि तोंडावर वारा असं जे एकच ठिकाण या शहरात आहे ते म्हणजे होडी. पाय दुखणाऱ्यांसाठी ती फिरती विश्रांतीच.

सकाळ: राजवाडा

हे थोडक्यात. राजवाडा आणि त्याच्या आवारातलं वाट फ्रा केव हे पाचूच्या बुद्धाचं मंदिर यांवर जगभर पुरेसं लिहिलं गेलं आहे. परदेशी पर्यटकांना तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे साडीवाल्यांना दारात कुणी अडवलं नाही. फक्त बिनबाह्यांच्या ब्लाउजवर पदर नुसता ओढून घेतला तर चालत नाही, शाल लागते.

मूर्ती ६६ सेंटिमीटरची, हिरव्या दगडाची. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंना तिचा पोशाख बदलतो आणि तो स्वतः राजा बदलतो. आम्ही गेलो तेव्हा हिवाळ्याचं सोनेरी जाळीदार वस्त्र अंगभर होतं. “आपल्या विठोबालाही थंडीत शाल असतेच की,” मराठीच्या बाई म्हणाल्या आणि हात जोडले.

आवाराच्या भिंतींवर १७८ चित्रांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे. इथे गट अडकला. अर्धा तास ठरवला होता, पाऊण तास गेला. सगळ्या जणी शिक्षिका, त्यामुळे प्रत्येक चित्रापुढे तोंडी परीक्षा. थाई कथेतला हनुमान ब्रह्मचारी नसून चांगला प्रेमवीर आहे, हे ताईंनी सांगितल्यावर जी चर्चा सुरू झाली ती थांबवणं माझ्या आवाक्याबाहेर होतं. परिणामी धक्क्यावर पोचायला अकराऐवजी साडेअकरा वाजले. वेळापत्रकातली ही पहिली घसरण. जुन्या आराखड्यात तिने पुढची दोन ठिकाणं कापली असती. इथे पुढे होडी होती आणि होडी आमच्यासाठीच थांबलेली होती, म्हणून काही कापावं लागलं नाही.

धक्का: चढणं हा स्वतंत्र विषय

ता तियन या धक्क्याच्या परिसरातून निघालो. तिथल्या पारंपरिक होडीला थाई भाषेत ‘रुआ हांग याव’ म्हणतात, सगळीकडे ती ‘लाँगटेल’ म्हणून ओळखली जाते. अरुंद, लांब, पुढे उचललेलं नाक. मागच्या टोकाला ट्रकचं किंवा मोटारीचं जुनं इंजिन उघड्यावर एका खुंटीवर बसवलेलं आणि त्यातून निघालेली काही मीटर लांबीची दांडी, तिच्या टोकाला पंखा. चालक अख्खं इंजिन हातांनी फिरवतो, तेच त्याचं सुकाणू. पाणी उथळ झालं, जलपर्णी आली की दांडी वर उचलायची. कालव्यासाठी याहून सोयीचं यंत्र सापडणार नाही. आवाज मात्र असा की शेजारचीचं बोलणंही कानाला तोंड लावल्याशिवाय कळत नाही.

होडीच्या नाकाला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. त्या ‘मे या नांग’ या होडीच्या रक्षक देवतेसाठी. नाकावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचं नाही, बाजूनेच चढायचं. हे ताईंनी सांगताच पीटीच्या बाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि लावू का म्हणून विचारलं. ताईंनी चालकाला विचारलं, तो हसून मान डोलावता झाला. आपल्याकडे नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं कुंकवाचं बोट लागलं. दुसऱ्या होडीचा चालक आपली होडीही पुढे करून उभा राहिला, तेव्हा तिलाही.

आता व्यवहाराचं. तरंगता धक्का आणि होडीची कड दोन्ही हलतात, दोन्हींत फूटभर उतार असतो. साडीत, दुखऱ्या गुडघ्याने हे एक पाऊल दिवसातलं सगळ्यांत अवघड पाऊल ठरलं. आम्ही क्रम लावला: आधी धडधाकट दोघी आत, मग गुडघेवाल्या, प्रत्येकीला बाहेरून एक हात आणि आतून एक हात. निऱ्या डाव्या हातात धरायच्या, पर्स आधीच आत द्यायची. सोळा जणींना चढायला वीस मिनिटं लागली. पत्रकात कुणीही हा वेळ धरत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना घातलं, पदरावरून.

आणि स्वच्छतागृह. दोन तास होडीत म्हणजे साठीपुढच्या गटासाठी हा पहिला प्रश्न असतो, फक्त तो पुरुष व्यवस्थापकाला कुणी विचारत नाही. निघण्यापूर्वी धक्क्याजवळ आणि मध्ये कालव्याकाठी एका थांब्यावर अशी दोनदा सोय आहे, हे मी स्वतःहून मोठ्याने सांगितलं. चार चेहरे लगेच सैल पडले.

एक गाइड, दोन होड्या

सोळा जणी एका लाँगटेलमध्ये दाटीवाटीने मावल्या असत्या, पण चढउतार आणि तोल पाहता आठ-आठच्या दोन होड्या घेतल्या. ताई एकीत, मी दुसरीत. म्हणजे निम्म्या गटाला गाइड नाही. शिवाय इंजिनाच्या आवाजात ताईंच्या होडीतल्या आठ जणींनाही तिचं ऐकू येणार नाही. ऐकण्याचं यंत्र लावलेल्या बाईंनी तर इंजिन सुरू होताच ते काढून पर्समध्ये ठेवलं.

यावर ताईंचं उत्तर तयार होतं. होडी चालू असताना ती बोलतच नाही. धक्क्यावर पाच मिनिटं नकाशा दाखवला, तोही अगदी मोजका. “बाकीचं दारात,” म्हणाली. कसलं दार, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

होड्या नदी ओलांडून पलीकडे गेल्या. उजवीकडे वाट अरुण, त्याच्या जरा खालच्या अंगाला विचाइप्रसित किल्ल्याची पांढरी भिंत आणि तिथेच बांकोक याई कालव्याचं तोंड. आत शिरलो आणि समोर पोलादी दरवाजा. इंजिनं बंद झाली. मागचा दरवाजा खाली आला. आम्ही दोन दरवाजांच्या मधल्या काँक्रीटच्या हौदात, इतर काही होड्यांबरोबर. भिंतीला दोर टाकून दोन्ही होड्या चिकटून उभ्या राहिल्या. ताई उठून मधल्या कडेवर बसली आणि बोलायला लागली. सोळाही जणी ऐकत होत्या.

ही वाट बघण्याची पंधरा-वीस मिनिटं बहुतेक सहलींत वाया गेलेली म्हणून मोजली जातात. पर्यटक कुरकुरतात, व्यवस्थापक घड्याळ बघतात. पण कालव्याच्या सबंध फेरीत माणसाचा आवाज ऐकू येईल, सावली असेल आणि सगळे एका जागी असतील अशी ही एकमेव वेळ असते. ताईंनी आपली सगळी गोष्ट याच हौदासाठी राखून ठेवली होती. माझ्या मते या दिवसातली व्यावसायिक कौशल्याची गोष्ट हीच. राजवाड्यात काय सांगायचं ते कुठलाही परवानाधारक गाइड सांगतो. काय सांगायचं नाही आणि पुढे कुठे सांगायचं, हे ठरवायला पाण्यावरची सवय लागते.

हौदात सांगितलेली गोष्ट

तिने विचारलं: आत्ता ओलांडलीत ती नदी की कालवा? सगळ्या म्हणाल्या, नदी. चाओ फ्राया, एवढं मोठं पात्र, प्रश्न कसला.

तर ते पात्र माणसांनी खणलेलं आहे. इथे नदीला पूर्वी पश्चिमेकडे एक मोठं वळण होतं. समुद्राकडून अयुथ्यातल्या राजधानीकडे जाणाऱ्या जहाजांना तो सगळा वळसा घालावा लागे. सोळाव्या शतकात, राजा चाइराचाथिरात याच्या काळात, वळणाच्या मानेवर आडवा चर खणून वाट जवळ केली. पाण्याने सरळ वाट धरली, चर रुंदावत गेला आणि तोच नदी झाला. जुनं वळण गाळाने आक्रसलं. बांकोक याई, चाक फ्रा, बांकोक नोई अशा नावांनी आज ज्याला कालवा म्हणतात, आणि पर्यटक ज्यातून ‘कालव्याची सफर’ करतात, ती मूळची नदी आहे.

भूगोलाच्या बाई जागेवरून अर्ध्या उठल्या. “नालाकृती सरोवर! आठवीला शिकवायचे मी. पण ते निसर्ग करतो.” इथे राजाने केलं, ताई म्हणाली. बाईंनी तिच्या नकाशाच्या पाठीवर वळण काढलं, मान छेदली, आणि तो कागद होड्यांमधून फिरला. पस्तीस वर्षं फळ्यावर काढलेल्या आकृतीच्याच पोटात आपण बसलोय, हे कळल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तोवर राजवाड्यातल्या सोन्याबद्दल त्या फारसं बोललेल्या नव्हत्या.

मग पुढचं सगळं आपोआप जागेवर बसलं. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुथ्या जाळलं. ताकसिन राजाने राजधानी नदीच्या या, पश्चिमेच्या, थोनबुरी काठावर वसवली. १७८२ मध्ये चक्री घराण्याच्या पहिल्या रामाने ती पलीकडे नेली, कारण शत्रू पश्चिमेकडून येणार आणि आता मधे ही खणलेली रुंद नदी खंदकासारखी आडवी. पूर्वेच्या बाजूने त्याने कालवे खणून बेट पुरं केलं. सकाळी पाहिलेला राजवाडा त्या बेटावर का आहे, याचं उत्तर दुपारी बाराला एका हौदात मिळालं. सकाळी मिळालं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं, असं मला वाटतं.

तेवढ्यात हौदातली पातळी हलली. समुद्राची भरती बँकॉकपर्यंत नदीत चढते, म्हणून नदीची पातळी दिवसात खालीवर होते. कालव्यातलं पाणी मात्र दारांनी आवरून धरलेलं असतं, म्हणजे पूर थोनबुरीच्या घरांत शिरू नये. २०११ च्या महापुरात तरीही या बाजूच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरलं होतं. हे मी मराठीत सांगितलं आणि सांगलीकर बायकांना आणखी काही सांगावं लागलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा या सोळांतल्या सहा जणींच्या घरात पाणी होतं. “आमच्याकडे दार नाही, नुसती पातळी सांगतात,” पीटीच्या बाई ताईंना म्हणाल्या. मी भाषांतर केलं. पुढचा दरवाजा वर गेला.

कालव्याच्या आत

बांकोक याईत शिरल्यावर नदीचा रुंद उजेड मागे राहतो आणि दोन्ही काठांना घरांच्या मागच्या बाजू येतात. खांबांवरची लाकडी घरं, काही कललेली, काही नवी सिमेंटची. पायऱ्या थेट पाण्यात. दोरीवर कपडे, तुळशीसारख्या कुंड्या, पिंजऱ्यात पक्षी, ओट्यावर झोपलेले आजोबा. मशिदी आहेत, त्यांतली एक थाई देवळाच्या घाटाची, पांढरी. ठरावीक अंतराने वाट, म्हणजे बौद्ध मंदिरं. पुढे वाट पाकनामचा ध्यानस्थ बुद्ध घरांच्या छपरांवरून एकदम उभा राहतो. उंची ६९ मीटर, पूर्ण झाला २०२१ मध्ये. चालक तिथे न सांगता वेग कमी करतो.

काठच्या दगडावर ऊन खात पडलेल्या घोरपडी दिसल्या, चांगल्या चार-पाच फुटी, पाण्यातल्या जातीच्या. तानाजीची गोष्ट आठ जणींनी एकदम काढली. गोष्टीतली घोरपड खरी की खोटी यावर इतिहासाच्या बाईंनी आवाज चढवला, पण इंजिनापुढे तोही कमी पडला.

एका देवळापुढे चालकाने इंजिन बंद केलं. पाण्यात मासे खदखदत होते, हातभर लांबीचे. देवळासमोर मासेमारी करत नाहीत, म्हणून ते तिथे गोळा होतात आणि लोक पाव टाकतात. महाडकडच्या एक बाई म्हणाल्या, आमच्या वाळणकोंडाच्या डोहात असेच देवाचे मासे आहेत, वरदायिनी देवीचे. दहा बाटचा पाव वीस बाटला मिळाला, कुणी हुज्जत घातली नाही.

मग एक छोटी वल्ह्याची होडी आमच्या कडेला लागली. पंखे, टोप्या, थंड पेयं. विकणाऱ्या बाईंचा ठरलेला प्रश्न आला: तुमच्या चालकाला एक बिअर घेऊन देणार का? हा तिथला जुना रिवाज आहे, अनेक पर्यटक भिडेखातर घेतात. गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईंनी हेडमास्तरीण असतानाचा आवाज लावला: “गाडी चालवताना?” भाषांतराची गरज पडली नाही. त्याला शहाळं घेऊन दिलं, उपवासाच्या दोघींनाही तेच. व्यवस्थापकांसाठी टीप एवढीच की हा प्रसंग येणार हे गटाला आधी सांगून ठेवावं.

थांबा बान सिलापिनला घेतला. जुनं लाकडी घर, अंगणात त्याहून जुना स्तूप, कालव्याला लागून ओटा. पाऊण तास बसलो. घरून आणलेला चिवडा निघाला, ताईंनी मूठभर घेतला आणि कढीपत्ता बाजूला काढून ठेवला. शाकाहारी जेवण मात्र आम्ही पाहुरात भागातल्या भारतीय खानावळीत सांगून ठेवलं होतं, कारण थाई स्वयंपाकात माशाचा खारा अर्क भाजीतही असतो आणि ‘नो मीट’ म्हटलं तरी तो पडतोच.

परतीला चाक फ्रा आणि बांकोक नोईतून. तिथे राजनौकांचं संग्रहालय कालव्यावरच आहे. सुफान्नाहोंग ही हंसमुखी नौका १९११ मध्ये पूर्ण झाली, सुमारे ४६ मीटर, एकाच सागाच्या खोडातून कोरलेली, वल्हवायला पन्नास जण. शेजारी गरुडावरचा विष्णू नाकावर घेतलेली १९९६ ची नौका. घाईत पाहिलं, वीस मिनिटं. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये या नौका राजाच्या मिरवणुकीत नदीवर उतरल्या, तेव्हा भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याचे व्हिडिओ माझ्याआधी पोचले होते. सिरिराज रुग्णालयाजवळ बाहेर पडलो. नदीतून आत, वळणभर फिरून, पुन्हा नदीत.

नाराजी

आता ती गप्प बसणी. बान सिलापिनच्या ओट्यावर अध्यक्ष बाई बोलल्या. “लोकांच्या मागच्या मोऱ्या बघायला आलो का आपण? फोटोत फळांनी भरलेल्या होड्या असतात. त्या कुठायत?”

प्रश्न रास्त होता आणि पत्रकांनीच तो तयार केलेला आहे. फोटोतलं मार्केट बहुधा दामनोएन सादुआकचं असतं. ते बँकॉकपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, १८६६ ते १८६८ दरम्यान खणलेल्या कालव्यावर. जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. शहरातलं तालिंग चानचं मार्केट जवळ आहे, पण शनिवार-रविवारचं. आम्ही मंगळवारी. हे सगळं मी निघण्यापूर्वी सांगितलं होतं, पण फोटो आधी डोक्यात बसलेला असतो.

दुसरी बाजूही तितकीच ठाम होती. भूगोलाच्या आणि मराठीच्या बाईंसह नऊ-दहा जणींना कालवा राजवाड्यापेक्षा आवडला. ओट्यावर दोन गट पडले. अध्यक्ष बाईंचं म्हणणं, पर्यटनात बघण्यासारखं बघायचं असतं, माणसांच्या घरात डोकावायचं नसतं. त्यात एक नैतिक टोकही होतं, ते मला पटलं. दोन होड्यांच्या लाटा ज्या ओट्यांवर आपटतात तिथे कुणीतरी भांडी घासत असतं. चालक घरांजवळ वेग कमी करत होते, पण सगळे करत नाहीत. ताईंनी यावर मत दिलं नाही. तिचं घर याच काठावर कुठेतरी आहे, हे आम्हाला नंतर कळलं.

उरलेला दिवस आणि हिशेब

अडीचला जेवण, चारला वाट फो. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, तळव्यांवर शिंपल्याच्या जडावातली १०८ शुभचिन्हं. विश्रांती झालेली असल्याने सोळाही जणी शेवटपर्यंत चालल्या, जुन्या क्रमात हे घडलं नसतं. सहा जणींनी तिथल्या मालिशशाळेत गुडघे दिले. पाच वाजता सात जणी पाच बाटच्या फेरीबोटीने वाट अरुणला जाऊन आल्या, बाकीच्यांनी ते अलीकडच्या काठावरून, दिवे लागताना पाहिलं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

बिघडलं ते असं: दुसऱ्या होडीला हौदाखेरीज काहीच माहिती मिळाली नाही. मी सांगत होतो ते तुकड्यातुकड्याने. परतीच्या वाटेवर ताईंना माझ्या होडीत बसवायला हवं होतं, ते सुचलं नाही असं नाही, पण चालत्या कालव्यात होडी बदलणं साडीवाल्यांपुढे अशक्य आणि थांब्यावर पहिल्या होडीतल्यांनी तिला सोडलं नाही. हौद कधी उघडेल हे आपल्या हातात नसतं. त्या दिवशी वीस मिनिटं लागली, गर्दीच्या शनिवारी ती दुप्पट होऊ शकतात. आणि इंजिनाच्या आवाजाने दोघींचं डोकं रात्रीपर्यंत दुखत होतं. कापसाचे बोळे ही साधी गोष्ट, आता माझ्या बॅगेत असते.

पुढच्या गटासाठी क्रम हाच ठेवला. दोन होड्या झाल्या तर दोन गाइड, हा खर्च दरपत्रकात वेगळा लिहितो, म्हणजे शोरूम काढल्याचे पैसे कुठे गेले हे विचारावं लागत नाही. पत्रकावरचा फळांच्या होड्यांचा फोटो काढला आणि तिथे पोलादी दरवाजाचा टाकला. त्याने चौकश्या थोड्या कमी झाल्या.

फ्लोटिंग मार्केट मोकळ्या दिवसाचा ऐच्छिक कार्यक्रम म्हणून ठेवलं, कारण त्या सहलीच्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष बाईंनी स्वतः व्हॅन ठरवली आणि चौघींना घेऊन पहाटे सहाला दामनोएन सादुआक गाठलं. दुपारी परतल्या त्या बांबूच्या टोप्या घालून, आंब्याच्या फोडी आणि चिकट भात घेऊन. मार्केट पर्यटकांसाठीच चालवलेलं आहे, भाव तिप्पट आहेत, गर्दी फार आहे, हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. आणि त्यांना ते कालव्यापेक्षा जास्त आवडलं होतं.